खालच्या दोन खोल्यांबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज मध्येच तुटतो आणि बाबा नेमके रानात असतात, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

मागच्या शनिवारी आम्ही लँकेस्टर काउंटीला जाऊन आलो. फिलाडेल्फियापासून पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटर. मोठ्या रस्त्याला दुतर्फा दुकानं आणि हॉटेलं आहेत, पण बर्ड-इन-हँड गावाच्या अंगाला आत वळलं की रानंच रानं. बाबा, तुम्ही सोबत हवे होतात. चुनखडीच्या खडकावरची माती, तपकिरी आणि भुसभुशीत. पाट नाही की विहिरीवर मोटर नाही. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो आणि त्यावरच मका, लसूणघास, तंबाखू सगळं येतं. मक्याची कापणी चालली होती, मुरघासासाठी. कापायच्या यंत्रावर छोटं इंजिन बसवलेलं, पण यंत्र ओढायला खेचरं. एका ओळीत जुंपलेली, आणि लगाम धरून उभा पोरगा पंधरा-सोळाचा असेल.

ही शेती आमिश लोकांची. टोप्या, दाढ्या आणि घोडागाड्या टीव्हीवर दाखवतात, तेच हे. लग्न झालेला पुरुष दाढी राखतो, मिशी मात्र कुणीच ठेवत नाही. मूळचे स्वित्झर्लंड आणि त्याच्या आसपासचे. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, जाणत्या वयात, आपल्या मर्जीने घ्यायची, या मतापायी तिकडे त्यांच्या पूर्वजांना जाळलं, नदीत बुडवलं. १६९३ साली याकोब अम्मान यांच्यामागे एक गट वेगळा झाला, त्यांचे हे वंशज. विल्यम पेनच्या वसाहतीत, म्हणजे आताच्या या पेनसिल्व्हेनिया राज्यात, धर्मावरून छळ नव्हता, म्हणून अठराव्या शतकात ते इकडे आले. घरात अजून जर्मनचीच एक बोली बोलतात.

मुलांना वाटत होतं की यांना यंत्रांची भीती वाटते. तसं मुळीच नाही. डिझेलवर हवेचा दाब तयार करून त्यावर शिवणयंत्रं आणि सुतारकामाची यंत्रं चालवतात, कुठे कुठे छपरावर सोलरही दिसलं. टेलिफोन घरात नसतो, शेताच्या कडेला एका खोपट्यात असतो. भाड्याच्या मोटारीत बसतात, पण मोटार विकत घेत नाहीत. नवी वस्तू आली की त्या त्या मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, बसून ठरवतात, हिच्यामुळे माणसं एकमेकांपासून लांब जातील का? मला हा विचार फार मोलाचा वाटला.

पुढे एका शेडजवळ ओळखीचा वास आला आणि मी गाडी थांबवायला लावली. तंबाखू! आपल्या रानात तंबाखू होती तेव्हा शेंडे खुडायला आई मला न्यायची. हाताला काळा चिकटा बसायचा, तो साबणाने जायचा नाही. इथे अख्खं झाड बुडातून कापतात, लाकडी पट्टीवर पाच-सहा झाडं ओवतात आणि शेडमध्ये पार आढ्यापर्यंत उलटी टांगतात. शेडच्या भिंतीतल्या उभ्या फळ्यांना बिजागऱ्या आहेत. वारा हवा असला की उघडायच्या, पाऊस आला की मिटायच्या. आपल्यासारखं ऊन दाखवत नाहीत, सावलीतच महिनोन्‌महिने वाळू देतात आणि थंडीत पानं काढतात. तुम्ही नुसतं पान चुरगाळून सांगितलं असतं बाबा, अजून किती दिवस लागतील ते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

दुपारी एका आमिश घरी जेवायला गेलो. आधी ठरवलं तर काही कुटुंबं पैसे घेऊन पाहुण्यांना घरचं जेवू घालतात. भाजलेली कोंबडी, बटाट्याचा लगदा, लोण्यातल्या शेवया आणि चाउ-चाउ नावाचं भाज्यांचं आंबट-गोड लोणचं. तिखटाचं नाव नाही. जेवण झाल्यावर घरातल्या आजींनी आम्हाला शेजारच्या भागात नेलं. मोठ्या घराला चिकटूनच एक छोटं घर. इथे कितीतरी शेतांवर असं असतं, डाडी हाउस म्हणतात त्याला, म्हणजे आजोबांचं घर. मुलगा लग्न होऊन शेत बघायला लागला की आईबाप मोठं घर त्याला सोडतात आणि आपण छोट्यात येतात. पुष्कळदा धाकटा मुलगा राहतो. जमिनीचा व्यवहारही हयातीतच होतो, आणि घरच्या माणसाला बाजारभावापेक्षा कमी दराने.

आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या घरात पायरी नाही, उंबराही नाही. झोपायची खोली, बसायची खोली आणि स्वतःचं स्वयंपाकघर. फ्रिज गॅसवर चालणारा. दिवा चाकांच्या लाकडी कपाटावर बसवलेला, कपाटाच्या आत गॅसची टाकी, पाहिजे त्या खोलीत ढकलत न्यायचा. खिडकी गोठ्याच्या बाजूला. आणि दोन्ही घरांच्या मधे एक दार. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात एक नात अंडी घेऊन आली, जाताना पाव घेऊन गेली. धाकटा नातू रडत आजीच्या मांडीवर येऊन बसला. सून दारातूनच काहीतरी विचारून गेली. आजोबा दूध काढायच्या वेळी अजून गोठ्यात जातात. पण कुठली गाय ठेवायची, कुठली विकायची हे मुलगा ठरवतो. मी विचारलं तर म्हणाले, "तो विचारतो, मी सांगतो. मग काय करायचं ते तो करतो."

आजींनी मला विचारलं, "तुझ्या आईजवळ कोण असतं?" मी म्हटलं, दादा-वहिनी. "आणि तिचं स्वयंपाकघर?" मी म्हटलं, एकच आहे सगळ्यांचं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मला माझी कॉफी माझ्या वेळेला लागते."

आई, मला तुझा पहाटेचा चहा आठवला. वहिनीची झोपमोड नको म्हणून तू भांड्याचा आवाज न करता करतेस तो.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट इथे येऊन कळली. म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनसाठी कापला जाणारा कर आमिश लोकांनी भरायला नकार दिला होता. म्हाताऱ्यांना सांभाळणं हे घराचं आणि मंडळीचं काम, सरकारचं नाही, असं त्यांचं म्हणणं. १९६१ साली पेनसिल्व्हेनियाच्याच पश्चिम भागात व्हॅलेंटाइन बायलर या शेतकऱ्याचे घोडे करवसुलीसाठी जप्त झाले, तेही ऐन पेरणीच्या दिवसांत, आणि विकून टाकले. देशभर बोभाटा झाला. शेवटी १९६५ साली कायदा बदलला आणि स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना त्या करातून सूट मिळाली. बहुतेक जण ती पेन्शनही घेत नाहीत. दवाखान्याचं मोठं बिल आलं तर मंडळी वर्गणी काढते. कुणाचं धान्याचं कोठार जळालं तर शेकडो माणसं जमून बघता बघता नवं उभं करतात, बायका सगळ्यांचा स्वयंपाक करतात. तुमच्या लहानपणच्या इर्जिकीचं तुम्ही सांगता, ते मी इथे अमेरिकेत ऐकलं.

सगळंच पटलं असं नाही. त्यांची शाळा आठवीपर्यंतच, एका खोलीत सगळे वर्ग. पुढे न शिकवण्याचा त्यांचा हक्क सुप्रीम कोर्टाने १९७२ साली मान्य केला. पण आई, तुझी शाळा सातवीत सुटली ती तुझ्या मर्जीने नव्हे, आणि माझ्या फीसाठी तू काय काय केलंस ते मी पाहिलंय. माझ्या लेकीच्या बाबतीत हे मी कधी मानणार नाही. जमिनीचं दुखणंही आपल्यासारखंच. घरात सहा-सात मुलं, शेत पन्नास-साठ एकरांचं, भाव आकाशाला भिडलेले. त्यामुळे निम्म्याहून जास्त माणसं आता सुतारकामात, दुकानांत आहेत, आणि काही कुटुंबं जमीन स्वस्त मिळते अशा दुसऱ्या राज्यांत निघून गेली.

पण ते मधलं दार माझ्या डोक्यातून जात नाही. दादा रानातल्या घराचं काम दिवाळीनंतर काढतोय. नकाशात तुमची खोली वरच्या मजल्यावर दाखवलीय, आणि आईचे गुडघे जिना चढायचे नाहीत. तुम्ही म्हणता, आम्ही गावठाणातल्या जुन्या घरातच राहतो. रात्री-अपरात्री तिथे काय झालं तर दादाला कळणार कधी? माझं म्हणणं असं: रानातल्या घराला लागून खालीच दोन खोल्या काढाव्यात. आईचा ओटा वेगळा, बेसिन वेगळं. न्हाणीघर आतच, भिंतीला धरायला दांडी, कमोड. उंबरा नको. मधे दार. खिडकी गोठ्याकडे, म्हणजे बाबांना खाटेवरून म्हशी दिसतील.

आई, तुला वाटेल लोक म्हणतील, पोराने म्हाताऱ्यांची चूल वेगळी केली. म्हणू देत. दार उघडं असल्यावर आठ दिवसांत गप्प बसतील. वहिनीशी मी बोलले आहे, तिला पटलंय. दादाचीही ना नाही, फक्त बाबांना विचारायला तो कचरतो. तेव्हा बाबा, विषय तुम्हीच काढा. आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या उसाचं काय करायचं तेही त्याला ठरवू द्या. तो तुम्हाला विचारल्याशिवाय राहणार नाही.

दोन खोल्यांचा खर्च आमच्याकडे. तुमच्या जावयांनीच आधी सुचवलं, त्यामुळे नाही म्हणू नका. पाया खणायच्या आत गवंड्याकडून मापं घेऊन कळवा. ओटा किती उंच हवा ते आईने स्वतः उभं राहून मोजून घ्यावं, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. गोळ्या वेळेवर घ्या.

मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार. कळावे,

तुमची लेक