मूळ चित्रकाराचेही नाव हवे

जाहिरातचित्रांवरून स्फुरलेल्या आजच्या शिल्पांवर आणि रेखाचित्रांवर रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. जाहिरातकलेला दुय्यम, बाजारू ठरवण्याचा त्यातला सूर पटला नाही. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल १९५०च्या दशकात बुटांच्या जाहिरातींची चित्रे काढूनच नावारूपाला आले. १९६४मध्ये त्यांनी ‘ब्रिलो’ या भांड्यांच्या घासणीच्या खोक्यांसारखी हुबेहूब लाकडी शिल्पे मांडली. त्या खोक्याची मूळ रचना जेम्स हार्वी यांची. आणि हार्वी स्वतः अमूर्त चित्रे काढणारे कलावंत होते! शिल्पे संग्रहालयांत गेली, हार्वी यांचे नाव मात्र क्वचितच निघते. खटकायला हवे ते हे. प्रेरणा खुशाल घ्यावी. पण मूळ चित्रकार माहीत असेल, तर कलादालनातील नामफलकावर त्याचाही उल्लेख असावा.

– एक वाचक