साखळी सोडा, आवार बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेट, ग्रिल आणि जाळीची कामं करणं हा माझा अनेक वर्षांचा धंदा. माप घ्यायला लोकांच्या अंगणात जातो तेव्हा आखूड साखळीला दिवसभर बांधलेला कुत्रा हमखास दिसतो. साखळी पोचते तेवढी जमीन गोल घासून उघडी पडलेली असते. मालक निर्दय नसतात. मोकळा सोडला तर रस्त्यावर जाईल ही त्यांची भीती खरी असते, आणि जाळीचं आवार आपल्याला परवडणार नाही असा त्यांचा समज असतो. तो समज चुकीचा आहे, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय. एका सुट्टीला खांब, पुढच्या सुट्टीला जाळी, अशा बेताने दोन माणसं हे काम घरच्या घरी करू शकतात. माझ्यासारख्या कारागिराची गरज नाही. मधल्या दिवसांत खांबांचं काँक्रीटही धरतं.

बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर मागे सरकायला जागा नसते, म्हणून तो अंगावर येतो. घरात लहान मुलं असतील त्यांनी याचा जरूर विचार करावा.

जागा चौकोनी घेऊ नका, लांबट घ्या. 20 फूट बाय 6 फूट आणि 11 बाय 11 यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच, पण पहिल्यात कुत्रा धावू शकतो, दुसऱ्यात नुसता वळतो. 20 बाय 6 चा घेर 52 फूट. लांब बाजू कुंपणाच्या भिंतीला लागून घेतली की जाळी 32 फुटांचीच लागते, आणि घराचा कोपरा साधला तर 26 फुटांतच भागतं. खरी बचत इथे आहे. अर्थात भिंत जाळीइतकी उंच हवी आणि तिच्याजवळ विटा, लाकडं रचलेली नकोत. कुत्रा त्यावर चढून पलीकडे उडी मारतो.

मोठ्या कुत्र्याला सहा फूट उंची धरा. आठ फुटी जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप घ्या, दोन फूट जमिनीत, बाकी वर. खांबांत आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि कोपऱ्यांच्या खांबांना तिरका टेकू हवाच, कारण जाळीचा सगळा ताण त्यांच्यावर येतो. पाइप जुने चालतात, जाळीही जुनी चालते. फक्त गंज किती खोल गेलाय ते बघा आणि तुटलेली टोकं पक्कडीने आत वळवा. चेन लिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेल्या जाळीची एक कड टोकदार पीळ दिलेली असते आणि एक दुमडलेली. दुमडलेली कड खाली ठेवा, कुत्र्याचं तोंड आणि पाय तिथेच जातात. तार 3 मिलिमीटरच्या आसपास जाड असावी. पिल्लं किंवा लहान जातीचे कुत्रे असतील तर एक इंची वेल्डमेश (उभ्या-आडव्या तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) घ्या, चेन लिंकच्या दोन इंची भोकात डोकं अडकू शकतं. कोंबडीजाळी स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका, चांगला कुत्रा ती दातांनी फाडतो.

मी स्वतः वेल्डिंग करणारा माणूस, तरी सांगतो की इथे वेल्डिंग करू नका. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जळतो, गंज नेमका तिथूनच सुरू होतो, आणि तो धूर छातीत गेला तर ताप भरतो. क्लॅम्प आणि नट-बोल्ट लावा. उद्या घर बदललं तर सगळं सोडवून नेता येतं.

पैसे वाचवू नयेत अशा दोनच जागा आहेत: खालची कड आणि सावली.

बहुतेक कुत्रे वरून जात नाहीत, खालून जातात. ते जाळीच्या अगदी बुडाशी उकरतात. म्हणून दोन फूट रुंद जाळीची पट्टी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा, उभ्या जाळीला बाइंडिंग वायरने घट्ट बांधा आणि वर सपाट दगड किंवा गोटे पसरा. उकरलं की पंजा जाळीला लागतो आणि दोन फूट मागे जाऊन खणायचं कुत्र्याला सहसा सुचत नाही. जुन्या जाळीचे तुकडे यालाच वापरा. गेटखाली फट राहते, तिथे काँक्रीटचा उंबरा घाला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि कोंदट हवेत तेही नीट जमत नाही. आवारावर नुसता पत्रा टाकला तर तो तापून खाली आग ओततो. त्यापेक्षा शेडनेट ताणा आणि बाजू मोकळ्या ठेवा. रस्त्याकडची तेवढी एक बाजू झाका, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकून तो दमणार नाही. छत बांधायच्या आधी सावली दुपारी बारा वाजता कुठे पडते आणि चार वाजता कुठे, ते बघून घ्या. पाणी दोन्ही वेळा सावलीतच असलं पाहिजे.

तळाला दर दहा फुटांना दोन इंच उतार द्या. ओल्या मातीत कृमींच्या अळ्या वाढतात, म्हणून पाणी साचू देऊ नका. वर बारीक गोल गोटे टाका. धारदार खडी पंजे कापते. बसायला फळ्यांचा बुटका ओटा करा. जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या असतील तर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेलं लाकूड, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेलं, ते सोडा. आणि आवाराला लागून कण्हेर असेल तर ती आधी काढा. तिचं पान न् पान विषारी आहे.

गेट आतल्या बाजूला उघडणारं करा. कुत्र्याने अंग टाकलं तर ते उघडत नाही, उलट घट्ट बसतं. दोन बिजागऱ्यांपैकी वरचीची पिन उलटी बसवली की गेट उचलून निघत नाही. नुसती पडती कडी नाकाने वर करायला कुत्रे लवकर शिकतात, तिला स्प्रिंगचा हुक जोडा. आत सोडताना गळ्यातला आवळणारा पट्टा मात्र न विसरता काढा. तो जाळीत अडकला तर जीव जाऊ शकतो.

एवढं केलं तरी फिरायला नेणं सुटत नाही. आवार काही तासांसाठी आहे. त्यात एकटा पडलेला कुत्रा जाळीकडेने येरझाऱ्या घालू लागला तर त्याला माणसं हवी आहेत, असं समजावं.

पहिला मोठा पाऊस झाला की प्रत्येक खांब खांद्याने ढकलून बघा. हलला तर बुडाशी माती धुपली आहे. ती ठोकून भरा आणि मगच कुत्रा आत सोडा.

आपला,
जाळीकाम करणारा एक वाचक