हजार पानांचं भांडण

प्रिय बयो,

'द इंक ब्लॅक हार्ट' पोचलं, रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावानं जे. के. रोलिंगनं लिहिलेल्या डिटेक्टिव्ह मालिकेतलं सहावं. ती वीट हातात घेऊन पानं सर्रकन पलटली आणि कळलं, अर्ध्यावरच टाकलंस. निम्मी पानं हाताळून फुगलेली, उरलेली निम्मी कोरी करकरीत, एकमेकींना बिलगून बसलेली. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. पण समासात तुझी पेन्सिल फिरलेली दिसली, म्हटलं हीच चिठ्ठी. दोन संध्याकाळी बसून नुसते तुझे शेरे वाचले. खरं सांगू? मूळ कादंबरीपेक्षा ते भराभर पुढे सरकतात.

सुरुवातीला किती खूश आहेस तू! आधीच्या 'ट्रबल्ड ब्लड'च्या शेवटी डिटेक्टिव्ह स्ट्राइकनं त्याच्या भागीदार रॉबिनला वाढदिवसाचा परफ्यूम घ्यायला नेलं होतं. तो धागा 'द इंक ब्लॅक हार्ट'नं अगदी सुरुवातीलाच उचललाय. रिट्झ हॉटेलचा बार, तिचा तिसावा वाढदिवस. तिथे तू नुसतं 'अहाहा' लिहिलंयस. मग बाहेर फुटपाथवर तो तिच्याकडे झुकतो, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतं आणि मागे सरतो. तिथे 'बावळट!' असं दोनदा. एक त्याला, एक तिला असणार. स्ट्राइकची नवी मैत्रीण मॅडलिन आली तिथे 'ही कोण आणखी?' एका गाजलेल्या कार्टूनची निर्माती ईडी लेडवेल ऑफिसात येते, ऑनलाइन छळानं पार कोलमडलेली, आणि रॉबिन तिला परत पाठवते, तिथे काहीच नाही, नुसती एक उभी रेघ. पुढे लंडनमधल्या हायगेटच्या स्मशानभूमीत ईडी मेलेली सापडते, तिथे 'आता रंगणार.'

आणि मग रकान्यांत मांडलेलं चॅट सुरू होतं. त्या पानावर तुझा शेरा: 'हे काय आहे?' पुढच्याला: 'पुन्हा?' त्याच्या पुढच्याला तीन प्रश्नचिन्हं, शेवटचं इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उमटलंय. मग बराच वेळ काही नाही. आणि शेवटी 'पुरे.'

तेव्हा फोनवर आपलं जे वाजलं त्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. मी तावातावानं म्हणाले होते ना, की हे मालिकेतलं सर्वांत धाडसी पुस्तक आहे, तुला धीर नाही, वगैरे? बये, पहिल्या वाचनात ते रकाने मीही गाळले होते. सगळे नाही, पण बरेच. डाव्या रकान्यातलं थोडं वाचायचं, उजव्याकडे एक नजर टाकायची आणि स्ट्राइक परत कधी येतो ते बघत पान उलटायचं. शेवटाला पोचले तेव्हा खुनी कळला, पण तो तोच का, हे काही पटेना. कसं पटणार? निम्मा पुरावा मी उलटून टाकला होता. ही लाज झाकायला तुझ्याशी इतक्या जोरात भांडले. नंतर गुपचूप मागे जाऊन फक्त चॅटची पानं वाचली, पेन्सिल घेऊन, वेळा टिपत.

तेव्हा कुठे त्या रकान्यांचं गणित उमगलं. त्या कार्टूनवर चाहत्यांनी बनवलेल्या ऑनलाइन गेमचे मॉडरेटर, म्हणजे खेळावर नजर ठेवणारे, एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन खासगी गप्पांत असतात आणि त्या गप्पा पानावर शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. एका रकान्यात गोडीगुलाबी चालू असते, दुसऱ्यात त्याच मिनिटाला तोच माणूस कुणाची तरी कुचाळकी करत असतो. कोण कोणत्या मिनिटाला बोलतोय यापेक्षा कोण कोणत्या मिनिटाला गप्प झालाय हे बघायचं. जुन्या रहस्यकथेत रेल्वेचं वेळापत्रक असायचं ना, तेच हे, फक्त गाडीच्या जागी माणसं. कल्पना म्हणून मला ती अजूनही फार आवडते.

पण वाचायला? तिथे मी तुझ्या बाजूची. प्रत्येकाला दोन नावं, एक खरं आणि एक पडद्यावरचं, आणि खरं कोणाचं कोणतं हेच तर शोधायचं. मी एका पाकिटाच्या मागे यादी केली, ती अपुरी पडली, दुसरं पाकीट घेतलं. लेखिकेला हे पाचशे-सहाशे पानांत करता आलं असतं. ॲनोमी, म्हणजे गेममागची ती निनावी व्यक्ती, किती विषारी आहे हे तिसऱ्या संभाषणात कळतं, तेराव्यात नव्यानं कळत नाही. ज्या संपादकानं हे तसंच राहू दिलं त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. की एवढ्या नावाच्या लेखिकेला कात्री दाखवायची कुणाची छातीच होत नाही? 2013 साली गॅलब्रेथ या टोपणनावामागे रोलिंग आहे हे फुटलं, त्याआधी आलेलं 'द ककूज कॉलिंग' आठव. कसं आटोपशीर होतं! बाल्कनीतून पडलेली मॉडेल, तिचा भाऊ, एक आठवड्यापुरती आलेली टायपिस्ट मुलगी. बस. हे पुस्तक त्याच्या दुपटीहून जाड आहे.

तुला वाटेल मी शेवटी शरण आले. थांब.

या महिनाभरात मी भेटेल त्याला या पुस्तकाबद्दल विचारलं आणि माझी चांगलीच करमणूक झाली. माझ्या बहिणीनं चार दिवसांत संपवलं, कारण तिनं फक्त स्ट्राइक आणि रॉबिन एकत्र असतील तेवढीच पानं वाचली. तिला खुनी कोण ते आजही नीट सांगता येत नाही आणि तिच्या मते पुस्तक उत्कृष्ट आहे, फक्त शेवट क्रूर आहे. ऑफिसातली एक मैत्रीण नेमकी उलट. तिला त्या दोघांच्या मनातलं ऐकून ऐकून वीट आलाय, 'एकदाचं लग्न करा नाहीतर ऑफिस वेगळं करा' म्हणते, पण केस तिला मालिकेतली सर्वांत हुशार वाटली. एकानं ऑडिओबुक ऐकलं. चॅटमधलं प्रत्येक नाव आणि एकेक वाक्य कुणीतरी गंभीर आवाजात वाचून दाखवतंय, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची, असं त्यानं मला विचारलं. एकीनं ई-बुक घेतलं होतं, तिच्या पडद्यावर ते रकाने मुंग्यांएवढे दिसत होते. ती चष्म्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली म्हणे. आणि एक गृहस्थ असे भेटले की त्यांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं, पण मत सगळ्यांत ठाम त्यांचंच होतं.

त्यांचं मत तू ऐकलंच असशील: ईडी म्हणजे लेखिका स्वतः, सगळं पुस्तक म्हणजे तिनं इंटरनेटवरच्या टीकाकारांवर काढलेला वचपा. लेखिकेनं सांगितलंय की कथानक तिच्यावरच्या ऑनलाइन वादांच्या आधीचं आहे. मला विचारशील तर आधीचं असो की नंतरचं, वाचताना तो संशय मधे मधे डोकावतोच, आणि तो डोकावला की मी कथेतून बाहेर पडते. तेवढा दोष मी पुस्तकाच्या नावावर लिहीन. पण ईडीच्या जागी दुसरी कोणतीही मुलगी असती, चार मित्रांसोबत गंमत म्हणून कार्टून करणारी, तरी हे असंच झालं असतं, हेही मला वाचताना पटत होतं. आधी 'आमची ईडी', मग 'आमच्या कार्टूनचं वाटोळं करणारी ईडी'. चाहत्यांचं प्रेम कुठून कसं सडत जातं, याचं वर्णन तिनं इतकं बारकाईनं केलंय की एका पानावर मी दचकले. एक चाहता म्हणतो की ती पात्रं आता तिची राहिली नाहीत, आमची आहेत. असं काहीसं फोनवर तूच म्हणाली होतीस, 'रॉबिन असं वागणारच नाही, हिला रॉबिन कळलीच नाही.' लेखिकेला! रॉबिन कळली नाही!

रागावू नकोस. तू एकटी नाहीस, ही फार जुनी परंपरा आहे. 1893 च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून दिलं, तेव्हा वाचक असे चवताळले की एका बाईनं त्याला पाठवलेल्या पत्राची सुरुवातच शिवीनं केली होती. हे त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. त्याला होम्सचा कंटाळा आला होता, मनातून त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. पण वाचकांना त्या नको होत्या, त्यांना होम्सच हवा होता. 1901 मध्ये त्यानं जुनी केस म्हणून त्याला परत आणला, 1903 मध्ये तर सरळ जिवंतच केला. आणि मग काय झालं असेल? परत आलेला होम्स पूर्वीसारखा नाही, अशी कुरकुर सुरू झाली. ती शिवी देणारी बाई मला सारखी तुझ्यासारखी दिसते, हातात पेन्सिल, कपाळाला आठी.

आता माझ्या मनात जे आहे ते. पाकिटावर नावं लिहिता लिहिता मी एका कोपऱ्यात सालंही मांडली. पहिल्या पुस्तकातली गोष्ट 2010 सालची, या सहाव्यातली 2015 ची. म्हणजे स्ट्राइक आणि रॉबिन यांची पाच वर्षं झाली. पहिलं पुस्तक आलं 2013 मध्ये, हे 2022 मध्ये. आपली नऊ. ते हळू चालताहेत आणि आपण पळत सुटलोय. पहिलं पुस्तक आपण एकच प्रत दोघींत वाचलं होतं, आठवतं? तू रात्री, मी दिवसा, आणि तू माझ्यापुढे गेलीस की मी तुझ्याशी बोलायची नाही. तेव्हा रॉबिन आपल्याहून थोडीशीच लहान होती. नव्या शहरात, साखरपुड्याची अंगठी मिरवत, चुकीच्या पत्त्यावर आलेली आणि त्या चुकीच्या प्रेमात पडलेली. आता ती तिशीत शिरतेय आणि आपण कुठल्या कुठे. मधल्या काळात तू दोन घरं बदललीस, एक नोकरी सोडलीस, आणखीही बरंच काही सोडलंस. रॉबिनला मात्र नवऱ्याला, मॅथ्यूला, सोडायला चार पुस्तकं लागली, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला तसं सांगायला सहावं पुस्तकही पुरलं नाही. तुझा जीव का वैतागतो ते मला समजतं. तू 'बावळट' लिहिलंस तिथे पेन्सिलीचं टोक मोडलेलं दिसतंय.

आणि मला हा संथपणा का चालतो, तेही या निमित्तानं कळलं. मला रहस्य नको असतं गं. मला त्यांच्या ऑफिसचा, लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरचा, तो लोखंडी जिना हवा असतो, खाली गिटारची दुकानं, वर काचेच्या दारावर नाव कोरलेलं, आणि आत दोन माणसं चहा पिता पिता एकमेकांना फाइल दाखवताहेत. हे हजार पानं चाललं तरी माझी ना नाही. स्ट्राइकचा पाय दुखतो, तो कृत्रिम पाय काढून पलंगावर पडतो, औषध घेत नाही, वजन कमी करत नाही, आणि मी पानापानाला त्याच्यावर ओरडते. रॉबिन दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन त्या गेममध्ये शिरते आणि पाळत ठेवण्याचं खरं काम करता करता फोनवर तासन् तास खेळत राहते, ती पानं तर मी हसत हसत वाचली. अशा वेळी खुनी कोण हा प्रश्न मला पाहुण्यासारखा वाटतो, आलाय तर बसू दे.

तू तशी नाहीस. तुला नेहमीच कोडं हवं असतं, आणि ते सुटताना लेखकानं तुला फसवलं नाही याची खात्री हवी असते. म्हणून मला वाटतं की अर्ध्यावर सोडून तू तुझ्याच वाटणीचं ताट ढकललंस. हे पुस्तक खरं तर तुझ्यासाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं. त्या रकान्यांत नीट शोधणारी आपल्या दोघींत तूच. मी पाकिटांवर यादी करत बसले, तू असतीस तर पाचव्या संभाषणाला नाव सांगून मोकळी झाली असतीस, आणि मग मला आठवडाभर छळलं असतंस.

म्हणून पुस्तक परत पाठवतेय. हो, तीच वीट. नवीन खूण घातली नाही, तू जिथे पान दुमडलंस ते तसंच आहे (पानं दुमडायची सवय अजून गेली नाही, कमाल आहे). पुढे काय होतं ते सांगणार नाही. ऑफिसच्या त्या काचेच्या दारावर तुझा जीव आहे ना, एवढंच विचारते आणि गप्प बसते. चॅटची पानं आली की दिव्याजवळ बस, चष्मा लाव, आणि वेळा टिपत जा. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावरच्या त्या जुन्या कवयित्रींच्या ओळी खुशाल गाळ, मीही गाळल्या आहेत. ही दुसरी कबुली.

तुझ्या 'पुरे'च्या खाली मी शाईनं दोन ओळी लिहिल्या आहेत. काय ते इथे लिहीत नाही.

तुझीच,
मी

ता. क. मॅडलिनबद्दलचा तुझा शेरा बरोबर निघतो. चिडू नकोस, एवढं तर सांगायलाच हवं होतं.