गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

पुणे,
९ जून

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

गिअरबॉक्स उतरवायला अजून होकार देऊ नकोस. तुझ्या ऑक्टाव्हियाचा पहिला गिअर अडतो, रिव्हर्स वाजतो, म्हणून गॅरेजवाले ‘क्लच गेला’ म्हणतात असं तू लिहिलंस; मला ते पटत नाही. बाकीचं सविस्तर लिहितोच, पण एवढं आधी वाच आणि कराडच्या गॅरेजला फोन करून सांग की थोडं थांबा, मी आठवड्याभरात कळवतो. एकदा बॉक्स खाली आला की क्लच सेट, फ्लायव्हील, बेअरिंग, सील अशी यादी वाढतच जाते. मूळ दुखणं बाहेर असेल, तर एवढा खर्च करूनही पहिला गिअर सकाळी अडेल तो अडेलच.

तुझ्या पत्रात शेवटी शेवटी तू एक वाक्य लिहिलं आहेस, की इंजिन बंद असताना पाचही गिअर आणि रिव्हर्स अलगद पडतात. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. बंद गाडीत गिअर पडतात म्हणजे केबली, गिअर सरकवणारे आतले फोर्क आणि गिअरची दांडी आपलं काम बऱ्यापैकी करताहेत. चालू इंजिनवर पहिला पडत नाही आणि रिव्हर्स खर्रकन वाजतो, याचा अर्थ पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची प्लेट इंजिनबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलला थोडी घासत राहते, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून आत येणारा दांडा, फिरत राहतो, आणि फिरत्या दात्यात उभा दाता घुसवायचा तर तो ओरडणारच. हे क्लच न सुटण्याचं दुखणं आहे. क्लच स्लिप होणं हे त्याच्या बरोबर उलटं. त्यात क्लच सुटतो पण पकडत नाही. तुझ्या गॅरेजने दोन्हींना ‘क्लच गेला’ असं एकच नाव दिलंय, आणि मला खटकलं ते हेच.

आता घरच्या घरी करायच्या गोष्टी. गाडी सपाट जागी घे, पुढे भिंत किंवा माणूस नको. इंजिन गरम होऊ दे. क्लच तळापर्यंत दाब, चार-पाच सेकंद थांब आणि मग रिव्हर्स टाक. एवढा वेळ दिल्यावर शाफ्ट आपोआप थांबायला हवा. तरीही वाजला, तर क्लच सुटत नाही हे पक्कं. मग पेडल भरभर तीन-चार वेळा मारून पुन्हा टाकून बघ. आता अलगद पडला, तर तेलाच्या बाजूला, म्हणजे पेडलजवळच्या वरच्या (मास्टर) किंवा गिअरबॉक्सवरच्या खालच्या सिलिंडरमध्ये, गडबड आहे: हवा शिरली आहे किंवा सील बाद झालं आहे. तिसरी परीक्षा जरा धीराची. पहिला टाकून क्लच तळाशी दाबून ठेव, उजवा पाय ब्रेकवर तयार असू दे पण दाबू नकोस, हँडब्रेक सोडलेला. आधी गाडी उभी राहिली आणि अर्ध्या-एक मिनिटाने हळूच पुढे सरकू लागली, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील तेल मागे सोडतंय. अशा वेळी बाहेर थेंबभरही गळती दिसत नाही, आणि म्हणूनच लोक थेट क्लच प्लेटवर संशय घेतात.

या सगळ्याच्या आधी पेडलखालची ती जाड रबरी मॅट काढ. पेडल तळाला जायच्या आत मॅटवर टेकत असेल, तर क्लच शेवटचे काही मिलिमीटर सुटतच नाही. पेडलच्या मागे वर हात घालून सिलिंडरची दांडी जिथे पेडलला अडकते ती क्लिप चाचपून बघ. तिला ढिलाई आली असेल तर तितकी हालचाल फुकट जाते. तिथेच बोट ओलं लागलं, किंवा खालचा गालिचा चिकट लागला, तर मास्टर सिलिंडर बदलायचा, आणखी तपास नको.

बॉनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलचा डबा बघ. तुझ्या ऑक्टाव्हियात क्लचलाही तेल त्याच डब्यातून जातं, आणि क्लचची नळी डब्याच्या बाजूला वर बसवलेली असते. तेल उतरलं की आधी क्लचला हवा लागते आणि ब्रेक चालू राहतात. ही रचना शहाणपणाची आहे. पण म्हणूनच क्लच एकाएकी मऊ झाला तर ब्रेकच्या पॅडकडे आणि गळतीकडेही बघायला हवं.

तेल काळपट झालंय असं तू लिहितोस. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि चिपळूणसारख्या ठिकाणी त्याला ओलाव्याची काय कमी! नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. कुंभार्ली घाट चढताना टर्बो तापलेला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात, वेग कमी म्हणून वारा लागत नाही, आणि क्लचचा खालचा सिलिंडर त्याच उकाड्यात बसलेला. घाटात पेडल मऊ पडतं आणि पाटणला उतरून चहा घेतल्यावर बरं होतं असं तू म्हणतोस, ते मला या जुन्या तेलाशी जुळतं.

आता खरी बघायची जागा. बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढलास की गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला खालचा सिलिंडर दिसेल. टॉर्च घेऊन वाक. मुलाला आत बसवून पेडल सावकाश दाबायला सांग. सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी बूट आधी मागे सरकव. आत ओलं असेल तर सील गेलं. मग दांडी बाहेर येऊन लिव्हरला ढकलताना दिसेल. एक पोलादी पट्टी शेजारी धरून ती किती सरकते ते मोज आणि लिहून ठेव. त्याच वेळी रबरी नळीवर दुसरा हात ठेव. पेडल दाबताना नळी बोटांखाली फुगते असं जाणवलं तर दाब तिथेच वाया जातो. पोटातून कुजलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते. हवा काढून नवं ऑइल भरल्यावर दांडी पुन्हा मोज. हालचाल वाढली आणि रिव्हर्स वाजायचा थांबला, तर तुझं काम काही शे रुपयांच्या तेलात झालं. हालचाल आधीच पूर्ण होती आणि तरी क्लच सुटत नाही, तरच बॉक्स उतरवायची गोष्ट बोलायची. मी तुला इतक्या आग्रहाने मोजायला सांगतोय ते यासाठी. हा एक आकडा हातात असला की गॅरेजशी अंदाजावर वाद घालावा लागत नाही.

हवा काढताना घाई नको. खालच्या सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडव. पेडल हळू दाबून धरायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. सुरुवातीला पेडल खालीच राहील, ते पायाच्या बोटांनी वर घे. डबा मधेमधे भरत राहा. तो रिकामा झाला तर ब्रेकमध्येही हवा जाईल. बुडबुडे थांबेपर्यंत नेटाने चालू ठेव. इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल त्यात पडू देऊ नकोस, सगळी रबरं फुगून निकामी होतील.

दुसऱ्या गिअरची तक्रार मी वेगळी धरतो. थंड असताना फक्त दुसराच वाजतो, आणि सावकाश टाकला तर वाजत नाही, असं तू लिहिलंस. एकाच गिअरला त्रास असेल तर बोट त्या गिअरच्या सिंक्रो रिंगकडे जातं, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्याकडे. सगळेच अडत असतील तर क्लच, केबल किंवा ऑइल. दुसऱ्याची रिंग सगळ्यात जास्त राबते, आणि वीस वर्षांच्या टर्बो गाडीत ती झिजलेली असणं यात नवल नाही. पण तेवढ्यासाठी आज बॉक्स उघडू नकोस. क्लच अर्धवट सुटत असेल तर तोही सिंक्रोवर ताण टाकतो, तेव्हा आधी क्लच नीट कर, मग दुसऱ्याचा न्याय कर. गिअर ऑइल मात्र लगेच बदल. या बॉक्सला साधारण २ लिटर लागतं; ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, जीएल-४ दर्जाचं. काउंटरवर कोणी जीएल-५ पुढे केलं तर घेऊ नकोस. ते डिफरन्शियलच्या जड दाबासाठी आहे, आणि त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत.

जुनं ऑइल काढशील तेव्हा पांढऱ्या कपड्यावर ओतून बघ. चहाच्या रंगाचं दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा ही गाडी आधीच्या मालकाकडे खेर्डीत उभी होती असं तू म्हणाला होतास. गाडीत पाणी शिरलं नाही असं तो सांगतो, तरी गिअरबॉक्सला वर हवेचं भोक असतं आणि तिथून पाणी आत जाऊ शकतं. ड्रेन प्लगला बारीक करडी भुकटी चिकटली असेल तर काळजी नको. पितळी चकाकी किंवा लोखंडाचा कपचा दिसला तर मला लगेच फोन कर.

बॅटरी काढलेलीच आहे तर गिअरच्या केबलींचंही बघून घे. वजनाचा गोळा असलेला लिव्हर आणि त्याच्या शेजारचा छोटा आडवा लिव्हर हाताने हलवून पाहा. कोकणातल्या दमट हवेने तिथलं ग्रीस वाळून गंज धरतो, आणि मग गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये मधोमध परत येत नाही, डावी-उजवीकडे जिथे सोडावी तिथे लोळत राहते. साफ करून ग्रीस लाव. प्लास्टिकचे बुश पिवळे, तडकलेले असतील तर सगळे एकदम बदल. ते स्वस्त आहेत आणि त्यांच्यासारखा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. नंतर केबली पुन्हा लावून घ्याव्या लागतात. गिअरबॉक्सवरची दांडी न्यूट्रलमध्ये लॉक करायची, आतली गिअरची दांडी पिन घालून न्यूट्रलमध्ये अडकवायची, आणि मग केबलीच्या कॉलरचं स्प्रिंग सोडायचं. ढिलाई केबली स्वतः घेतात. नुसत्या अंदाजाने बसवल्या तर पहिला-दुसरा छान पडतो आणि पाचवा-रिव्हर्स अडतो.

समजा हे सगळं ठीक निघालं आणि सिलिंडरच्या दांडीची हालचालही पूर्ण आहे. मग आतलं कारण. बॉक्सच्या आतला रिलीज लिव्हर टेकणाच्या जागी तडकतो, प्रेशर प्लेटची बोटं मोडतात, किंवा शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) गंज चढून प्लेट मागे सरकत नाही. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीललाच गंजाने चिकटते, पण मग क्लच अजिबातच सुटत नाही; तुझी लक्षणं तशी नाहीत. आवाज ऐकायला मात्र शीक. न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, खडखड आणि इंजिन बंद करताना धाडकन धक्का, तर ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं, फ्लायव्हील.

तशी वेळ आलीच, तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, लिव्हर आणि खालचा सिलिंडर एकदम बदल, बॉक्स दुसऱ्यांदा उतरवायचा नाही. फ्लायव्हीलच्या जागी साधं एकसंध बसवा असा सल्ला तुला मिळेल. माझं मत विरुद्ध आहे. ते टिकतं खरं, पण इंजिनचे झटके थेट गिअरबॉक्समध्ये जातात आणि रोजच्या वापरात आयडलला खडखडाट होतो. आधीच्या मालकाने रीमॅप केलंय का, म्हणजे इंजिनच्या संगणकातून ताकद वाढवली आहे का, तेही विचार. कंपनीचा टॉर्क २१० न्यूटन-मीटर, तोही १७५० आरपीएमपासून. वाढवलेला असेल तर साध्या क्लचची पकड चौथ्या-पाचव्यात चढावर सुटेल, काटा वर जाईल आणि गाडी वेग घेणार नाही.

तू विचारलंस, एवढं करण्याइतकी ही गाडी मोलाची आहे का. माझं उत्तर निःशंक हो आहे. २००१ साली शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जुळायला लागली, २००४ ला तिची जोरदार आवृत्ती, तुझी ही आरएस, आली, तेव्हा आपल्या रस्त्यांवर १५० अश्वशक्तीची, वीस व्हॉल्व्हची टर्बो सेडान मध्यमवर्गीय माणसाला दिसणंच नवीन होतं. चांगल्या स्थितीतल्या आता फार थोड्या उरल्या आहेत, आणि तुझीचा पत्रा अजून अस्सल आहे. ती अंदाजपंचे कोणाच्या पान्याखाली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बुश आणि खालचा सिलिंडर मी नाना पेठेत विचारून ठेवतो. तू मला तीन गोष्टी कळव: दांडीची हालचाल हवा काढण्याआधी आणि नंतर, पेडल मारल्यावर रिव्हर्सचं काय होतं, आणि गिअर ऑइलचा रंग. त्यावरून पुढे काय मागवायचं ते ठरवू. गरज पडली तर पुढच्या महिन्यात मी येतोच, दोघं मिळून करू.

वहिनींना नमस्कार सांग, काकूंना माझा साष्टांग.

तुझा,
नंदू

ता. क. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेला आणि मडगार्डवर जुनी चादर टाक, आणि थेंब सांडलाच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओत.