पुस्तकात नाव नको म्हणालात, म्हणून हे पत्र

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

बोरघाटावरची कादंबरी अखेर छापून आली. ऋणनिर्देशात नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात. "जन्मभर रूळ तपासले, त्यात काय मोठं?" म्हणालात. ठीक आहे, नाव घेत नाही. पण आभार मानायला तुमची परवानगी लागत नाही.

ऐतिहासिक प्रेमकथांत आगगाडी बहुधा निरोपापुरती येते. शिट्टी, धूर, खिडकीतून हलणारा हात, झालं. तुम्ही मात्र पहिल्याच बैठकीत नकाशा पसरलात. "1856 मध्ये रूळ खालून खोपोलीपर्यंत आले. 1858 मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट पुरा व्हायला 1863 उजाडलं. तोवर लोक खाली उतरून पालखीतून नाहीतर तट्टावरून वर चढायचे. तुझी दोघं या फटीत बसव."

बसवली. तो वर खंडाळ्याला हजेरी लिहिणारा कारकून, ती खाली खोपोलीला, आणि चिठ्ठ्या पालखीच्या भोयांबरोबर. भोयांना वाचता येत नाही या भरवशावर दोघं काय काय लिहितात, ते तुम्ही वाचलंच आहे. (काकूंना ते प्रकरण आवडलं, असं ऐकते.)

राजकारणाचा धागा माझ्यापाशी होता. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं. साताऱ्याच्या राजाचे वकील रंगो बापूजी यांचा 1857 चा कट फुटला, माणसं फाशी गेली, ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. त्या कटातला एखादा पोरगा लपेल कुठे, एवढंच अडलं होतं. तुम्ही चहाचा कप खालीही न ठेवता म्हणालात, "मस्टरवर. एवढ्या गर्दीत एक खोटं नाव कोण हुडकणार? मुकादम डोकी मोजतो." खरंच आहे. 1861 मध्ये घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. माझा नायक नुसता कारकून होता, तो त्या दिवशी फरारी झाला आणि कथेला जीव आला.

सुरुंगाचं प्रकरण तर निम्मं तुमचंच. पहारेने खडकाला भोक पाडायचं, आतला भुगा काढायचा, काळी दारू भरायची, वर माती ठासायची. आणि ठासायला दांडी तांब्याची, कारण लोखंडाची ठिणगी उडाली की संपलं. डायनामाइट तेव्हा नव्हतंच, नोबेलने त्याचं पेटंट घेतलं 1867 मध्ये. हे सगळं तुम्ही हाताने करून दाखवत होतात आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ती दांडी रातोरात कुणी बदलली तर? फितुराला हत्यार मिळालं ते असं. तलवारी-खंजिरांपेक्षा मला ते कितीतरी भयंकर वाटतं.

ॲलिस ट्रेडवेलसाठी तुम्ही अडून बसलात, त्याचे वेगळे आभार. मजुरीवरून 1859 च्या जानेवारीत दंगा झाला, घाटाचा पहिला कंत्राटदार फेव्हिएल याने कंत्राट सोडलं, नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि त्याच वर्षी वारला. मग त्याच्या बायकोनेच, म्हणजे ॲलिसने, कंत्राट पुढे चालवलं, दोन इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. "तिला प्रियकर देऊ नकोस, हिशेबाच्या वह्या दे," ही तुमची सूचना मी शब्दशः पाळली. पुस्तकात ती येते तेव्हा सगळे जरा सावरून बसतात.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही. रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची, हे तुम्हीच सांगितलंत. तेवढ्या थांब्यावर मी दोघांना समोरासमोर बसवलं, आणि आतापर्यंत पाठमोरा चाललेला तो एकदम पुढे बघू लागला. तुम्हाला तिथे लग्न हवं होतं. मला नको होतं. लग्न लावलं असतं तर साताऱ्याच्या फासाचं काय करायचं होतं, सांगा बघू!

दोन प्रती पाठवते आहे, एक काकूंची. पुढचं पुस्तक थळघाटाचं, कसारा ते इगतपुरी, तिथली गाडी 1865 ची. तेव्हा नकाशा काढून ठेवा, दिवाळीनंतर येतेच आहे.

तुमची,
त्रास देणारी लेखिका