सिस्टर, तुमच्या त्या न मिळालेल्या शिक्क्याबद्दल

सिस्टर,

तुमच्या एप्रनवर नावाची पट्टी होती आणि ते नाव माझं पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. एक तर तुम्हाला विचारलेलं नाही. दुसरं, ठाण्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात माझी मावशी अजून गुडघ्यांसाठी येते. तिच्या कानावर हे गेलं तर तुमचं काही बिघडणार नाही, पण माझं ऐरोलीतलं राहणं अवघड होईल. म्हणून माझंही नाव नाही. तुम्ही वाचलंत तर ओळखालच. निळी सॅक, आणि सोबत कॅरीबॅगेत फाइल धरून माझ्या वतीने सगळी उत्तरं देणारी बाई.

त्या दिवशी तोंडातून नुसतं "थँक्यू" निघालं, रिक्षावाल्याकडून सुट्टे घेताना म्हणतो तसलं. तेवढ्यावर भागत नाही, हे घरी आल्यावर कळलं. म्हणून हे पत्र.

तुमच्यापर्यंत यायच्या आधी मी काय ऐकून आले होते ते सांगते, नाहीतर तुम्ही काय केलंत ते नीट कळणार नाही. ओटीपोटात दुखत होतं. अंगावरून पांढरं जात होतं, त्याला वास होता, संध्याकाळी कणकण यायची. घराजवळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय?" शेजारी मावशी. मी "नाही" म्हटलं, आणि ते खरंच आहे. डॉक्टरांच्या लेखी विषय तिथेच मिटला. ॲसिडिटीची गोळी, जंताची गोळी आणि "वडापाव बंद करा". पुढे एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. बाईंनी तेच विचारलं, फक्त इंग्रजीत. "मॅरिड की अनमॅरिड?" अनमॅरिड ऐकल्यावर माझ्याकडे नाही, मावशीकडे बघून म्हणाल्या, "मग काही काळजी नाही."

काळजी नाही! माझा ताप कुणाला विचारून येत होता?

लग्न झालंय का, याच्याशी जंतूंना काय देणंघेणं? बाईंना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. खरा प्रश्न दुसराच असतो. तो विचारायचा संकोच डॉक्टरला होतो आणि त्या संकोचाचं बिल पेशंटच्या नावावर फाटतं. पाळी येणाऱ्या वयाची मुलगी ओटीपोटात दुखतंय म्हणून आली, तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतात. गर्भ नळीत अडकलेला असला आणि ती नळी फुटली, तर जिवावर बेततं. हे मला तुम्ही सांगितलंत. त्या दोघांपैकी कुणीही ती टेस्ट करायला सांगितली नव्हती. का, तर मी अनमॅरिड!

आता तुमच्या टेबलापाशी येते.

खासगीत पैसे घालून गुण येईना, म्हणून मावशी वैतागून सरकारीत घेऊन आली. मावशी वाईट नाही हो. दुसऱ्याची पोर सांभाळतेय, तिच्या बहिणीला तोंड दाखवायचं आहे, म्हणून ती माझ्यापासून वीतभरही लांब जात नाही. तुम्ही मला विचारलंत, "पाळी कधी आली होती?" मावशी म्हणाली, "वेळेवर येते हो तिची." तुम्ही विचारलंत, "दुखतं कुठे?" मावशीने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. माझ्याकडे पाहिलंत, तिच्याकडे पाहिलंत, परत माझ्याकडे. मग ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढलात, त्यावर तारीख घातलीत, खाली एक वळसेदार सही ठोकलीत आणि म्हणालात, "मावशी, एक काम करता का? हा कागद खाली औषधाच्या खिडकीवर न्या आणि त्यावर शिक्का मारून आणा. त्याशिवाय डॉक्टर तपासणार नाहीत."

मावशी म्हणाली, "ही जाईल की."

"हिची लघवी तपासायचीय, सगळ्यांचीच तपासतो. तुम्हीच या जाऊन."

मावशी जिना उतरेपर्यंत तुम्ही दाराकडे बघत होतात. मग स्टूल पुढे ओढलंत आणि आवाज अगदी खाली आणून म्हणालात, "त्या येईपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. संबंध आलेत का कुणाशी? आले असतील तर त्याप्रमाणे औषध, नसतील तर दुसरं. एवढ्याचसाठी विचारतेय." कोण, कुठला, घरी माहीत आहे का, यातलं काही नाही. मी "हो" म्हटलं. तो "हो" एवढा सोपा होता यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मग तुम्ही भराभर विचारत गेलात, मी सांगत गेले. कंडोम दर वेळी? नाही. त्याला काही त्रास? नाही म्हणतो. जबरदस्ती? नाही. या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही थांबलात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारलात. नाही, सिस्टर, खरंच नाही.

तेवढ्यात मावशी धापा टाकत वर आली. "अहो, ते म्हणतात असला शिक्काच नसतो इथे!"

आणि तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अगं बाई! बंद झाला नाही का तो! माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चुकलं हं मावशी."

मावशीने तुम्हाला काय काय ऐकवलं! सरकारी पगार, तिचे गुडघे, लोकांच्या वेळेची किंमत, सगळं. बाकावरच्या बायका माना वळवून बघत होत्या. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत आणि केस पेपरवर लिहीत राहिलात. डॉक्टरबाई आतून बघत होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत.

मला आधी वाटलं, तुमचा खरंच घोळ झाला असेल. पण तीन दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतंत, तेव्हा बाकावर बसले असताना एका मुलीची आई तसाच फॉर्म हातात धरून, पदर सावरत जिना उतरताना दिसली. तेव्हा मी तोंडावर ओढणी धरून हसले. त्याआधी कितीतरी दिवसांत हसले नव्हते.

तो फॉर्म माझ्या फाइलमध्ये आहे. तारीख, सही आणि खाली सगळ्या रिकाम्या रेघा.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरबाईंनी पडदा ओढून तपासलं, आणि दुखलं तर सांग, मी थांबते, असं आधीच सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडातून संसर्ग वर चढला होता. पीआयडी म्हणतात त्याला. क्लॅमिडिया, गोनोरिया अशा संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांतून तो होतो आणि क्लॅमिडिया तर बऱ्याचदा काही लक्षण न दाखवता आत बसून असतो. वेळेत औषध नाही झालं, तर गर्भनलिकांना आतून व्रण पडतात आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. म्हणजे "लग्न नाही, मग काळजी नाही" म्हणणाऱ्या बाई माझ्या लग्नानंतरच्याच काळजीची तजवीज करून ठेवत होत्या. सरकारी औषधांची किट रंगावरून ओळखतात हे मला तेव्हा कळलं. ओटीपोटातल्या दुखण्याचं पिवळं, सहा नंबरचं. चौदा दिवसांच्या गोळ्या, एक पैसा पडला नाही. एचआयव्हीच्या तपासणीआधी तुम्ही मला विचारलंत आणि "नको म्हणालीस तरी बाकीचं औषध मिळणारच" असंही सांगितलंत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केली आहेत, हे मी नंतर वाचलं. तुम्ही मात्र, कायद्यात आहे म्हणून विचारतेय, असा आव आणला नाहीत.

"त्यालाही औषध लागेल, नाहीतर तू बरी होशील आणि परत त्याच्याकडून घेऊन येशील," हेही तुम्हीच सांगितलंत. त्याने आधी फार आढेवेढे घेतले. शेवटी तुम्ही म्हणालात तसल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे असल्या संसर्गांच्या सरकारी दवाखान्यात गेला, आणि बाहेर आल्यावर त्याचा पहिला फोन, "काहीच बोलले नाहीत गं!" बिचाऱ्याची तयारी शिव्या खायची होती.

मला वाटतं, आपल्याकडे सगळ्यांचीच तशी तयारी असते. आमच्या कॉलेजात हेल्थ सेंटर अशी पाटी लावलेली खोली आहे. आत एक खाट, एक वजनकाटा आणि टेबलावर उघडं रजिस्टर. नाव, रोल नंबर, तक्रार. मी गेले तेव्हा माझ्या आधीच्या मुलीला काय होत होतं ते मला वाचता आलं. मी "डोकेदुखी" लिहिलं, क्रोसिन घेतली आणि नेरूळ स्टेशनला आले. वर्षातून एकदा लैंगिक आरोग्यावर व्याख्यान असतं. मुली हॉलमध्ये, मुलं मैदानावर, आणि शेवटी सॅनिटरी पॅडचं फुकट पाकीट. र. धों. कर्व्यांना याच विषयावर उघडपणे बोलल्यापायी १९२५ साली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली होती. आता बोलल्याने कुणाची नोकरी जात नाही. तरी बोलत कुणी नाही.

सरकारी कागदांतही आम्ही कुठे बसत नाही, हे माझ्या एव्हाना लक्षात आलंय. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, त्याचं वय १० ते १९. त्याची मैत्री क्लिनिकं असतात. दुसरीकडे कुटुंबनियोजनाच्या नोंदवहीत "पात्र जोडपी" असतात, म्हणजे लग्न झालेली. मी एकवीस वर्षांची, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. किशोरी नाही, जोडपं नाही, माता तर नाहीच नाही. नवी मुंबईत दर स्टेशनाबाहेर कॉलेजच्या पोरींचे थवे उतरतात, सगळ्या याच फटीतल्या. तुमच्या टेबलावरही आमच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. तुम्ही तो शिक्क्याच्या नावाखाली स्वतःच काढलात.

लोकांना वाटतं, चांगला माणूस म्हणजे गोड बोलणारा. गोड बोलायला त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईही बोलल्या होत्या, फीसुद्धा हसून घेतली. तुम्ही मात्र भरल्या ओपीडीत, तुमच्याहून कमी शिकलेल्या बाईकडून वेंधळी म्हणवून घेतलंत, आणि ते खरं नाही हे तिला कळू दिलं नाहीत. असलं मला जमेल का, माहीत नाही. मला कुणी चूक म्हटलं की मी आधी पुरावा काढते. त्या दिवशी परतताना ठाणे-नेरूळ लोकलमध्ये मी पोट धरून उभी होते. एक बाई मुकाट उठली आणि मला बसवून दाराशी जाऊन उभी राहिली. काही विचारलं नाही. अशी माणसं त्या आठवड्यातच मला भेटत होती, की आधीपासून आजूबाजूला होती आणि दिसली नव्हती, कोण जाणे.

मावशी अजून तुमची गोष्ट सांगते. हळदीकुंकवाला सांगितली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितली. "सरकारी दवाखान्यात एक बाई आहे, असली विसरभोळी!" मी भजी तळत असते, ऐकत असते. मध्ये बोलायला जीभ वळवळते. पण बोलले तर सगळंच बाहेर येईल, आणि तुम्ही जे झाकलंत ते मीच कशाला उघडू?

आता कॉलेजातल्या मुली माझ्याकडे येतात, कसं कळतं त्यांना देव जाणे. एकीला पाळी चुकल्यावर एका ठिकाणी "नवऱ्याची सही आणा" म्हणाले होते. तिला मी सांगितलं, अठरा पूर्ण झालीत तर गर्भपाताच्या कायद्याला फक्त तुझी सही लागते. २०२१ च्या दुरुस्तीत "नवरा" जाऊन "जोडीदार" आला, आणि लग्न झालेलं नाही म्हणून गर्भपाताचा हक्क कमी होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलंय. तारखेसकट सांगितलं की समोरचे जरा वचकतात. बाकीच्यांना तुमचा मजला आणि ओपीडीचा वार सांगते. नाव सांगत नाही, "जरा वेंधळ्या वाटतील, त्याच" एवढंच. गर्दी वाढली असेल तर ती माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात त्यातली एक येऊन गेली. सोबत वहिनी होती, फार्मसी झालेली. "असला शिक्का नसतो" म्हणून ती जागची हललीच नाही म्हणे. मग तुम्ही तिलाच वजनकाट्यावर उभं केलंत, चेहरा ओढलेला दिसतोय म्हणालात आणि बीपी बघायला शेजारच्या खोलीत धाडलंत. बीपी खरंच जास्त निघालं. तिचे उपचार सुरू झालेत, तेव्हा तिच्याही वतीने आभार.

तुमची,
निळ्या सॅकवाली