अण्णा, सॉ पाल्मेटो पाठवत नाही. भोपळ्याच्या बिया खा

फ्रायबुर्ग, जर्मनी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवीचा त्रास होतोय म्हणून सॉ पाल्मेटोच्या कॅप्सूल पाठवायला तुम्ही कळवलंत. मी त्या पाठवत नाही. का, ते लिहिते.

सॉ पाल्मेटो ही अमेरिकेत फ्लोरिडाकडे उगवणारी बुटकी पाम. तिच्या फळांचा तेलकट अर्क रोज ३२० मि.ग्रॅ. घेतात. अमेरिकेत २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. अर्क आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी यांत काहीच फरक दिसला नाही. तेव्हा मात्रा कमी पडली असेल असं म्हणून २०११ च्या दुसऱ्या चाचणीत ती वाढवत ९६० मि.ग्रॅ.पर्यंत नेली, तरीही फरक नाही. युरोपची औषध संस्था हेक्झेन या द्रावकाने काढलेल्या अर्काचा तेवढा उपयोग मान्य करते, पण बाजारातल्या बहुतेक बाटल्यांवर अर्क कसा काढला ते नीट लिहिलेलंच नसतं. शिवाय तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आणि या अर्काबरोबर रक्तस्राव वाढल्याच्या नोंदी आहेत.

इथल्या औषधांच्या दुकानांत प्रोस्टेटसाठी झाडपाल्याची औषधं भरपूर विकली जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा औषधांचा खर्च मोठ्यांसाठी सरकारी विमा २००४ पासून सहसा देत नाही, तरी लोक खिशातून घेतात. त्यांत स्टिंगिंग नेटलचं मूळही असतं, ज्या झाडाला हिमालयात बिच्छू घास म्हणतात. आपल्या खाजकुयलीशी त्याचा संबंध नाही, म्हणून तिकडे कुणी खाजकुयली दिली तर घेऊ नका. आणि घ्यायचंच झालं तर मूळच हवं. पानांचा चहा लघवी वाढवतो, ते तुम्हाला नकोच आहे.

मला त्यातल्या त्यात भोपळ्याच्या बिया पटतात. जर्मनीत १४३१ पुरुषांवर वर्षभराची चाचणी झाली. सकाळी ५ ग्रॅम आणि संध्याकाळी ५ ग्रॅम बिया खाणाऱ्यांचा त्रास दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त कमी झाला. बियांच्या अर्काच्या कॅप्सूलचा मात्र तसा उपयोग दिसला नाही, आणि दिखाऊ गोळीवरही जवळपास निम्म्या लोकांना बरं वाटलं, हेही लक्षात ठेवा. घरच्या लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, सोलून घ्या. मीठ लावू नका, तुमचं बीपी आहे. काट्यावर तोला आणि नीट चावून खा. सोललेल्या बिया लवकर खवट होतात, म्हणून थोड्याच सोला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बियांनी प्रोस्टेट लहान होत नाही, झाला तर त्रास कमी होतो.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून सात प्रश्नांचा तक्ता घ्या: धार, थांबून थांबून होणं, रात्री किती वेळा उठता वगैरे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यावर तीव्र. तीन महिन्यांनी तो पुन्हा भरा. आकडा हलला नसेल तर बिया खाऊ म्हणून खा, औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

गोखरू, वरुण, पुनर्नवा यांच्या काढ्याबद्दल काकूंनी विचारलंय. मूत्रविकारांत त्यांचा वापर जुना आहे, पण यातल्या लघवी वाढवणाऱ्या औषधांचा काढा रात्री घेतला तर उठणं वाढणारच. वाट अडलेली असताना लघवी वाढवली तर मूत्राशय तटतटतं, आणि ताणलेल्या स्नायूचा जोर आणखी कमी होतो. वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि धातूंचं भस्म असलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सर्दीची गोळी. तिच्यात बऱ्याचदा क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रिन असतात. पहिल्याने मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, दुसऱ्याने त्याच्या तोंडाचे स्नायू आवळतात, आणि धडधाकट वाटणाऱ्या माणसाची लघवी एका रात्रीत अडकते. केमिस्टकडे गेलात की आधी प्रोस्टेटचं सांगा.

बिया चालू असोत वा नसोत, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत लघवी केल्यावर मागे किती उरते तेही मोजायला सांगा. मूत्रपिंडांवर ताण येतोय का, ते त्यातून कळायला मदत होते. लघवीतून रक्त, थंडी-ताप किंवा लघवी अडकणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढे डॉक्टरांनी टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी गोळी) दिली तर ती जेवणानंतर रोज ठरलेल्या वेळी घ्या आणि अंथरुणातून हळू उठा. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. आताच डोळ्यांच्या डॉक्टरांना त्या गोळीचं सांगून ठेवा, कारण तिने बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही. मग ती सुरू करायची की ऑपरेशन होईपर्यंत थांबायचं, ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील.

तपासण्यांचे कागद आले की त्यांचे फोटो पाठवा. काकूंना सा. न.

तुमची पुतणी,
वैशाली